कायदा करणाऱ्यांच्या हातालाही मर्यादा असते: किनारपट्टीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली-मंडणगड भागात वकिली करते. सातबारा, वाटप आणि कुळकायद्याच्या कागदांबरोबर माझ्यापुढे आणखी एका जातीचे प्रश्न येतात. ‘आमदारांनी कायदा केला, मग कोर्टाने तो मोडला कसा?’ ‘बंदी आली म्हणतात, पण विधानसभेत तर काही झालंच नाही?’ कधी कोर्टाच्या व्हरांड्यात, कधी एसटीत, कधी पावसात एखाद्याच्या पडवीत. तीच तीच उत्तरं द्यावी लागतात म्हणून एकदा नीट लिहून काढली. उदाहरणं मुद्दाम आपल्या किनाऱ्याची घेतली आहेत. शोधायला लांब जावं लागलं नाही.

लोकांनी निवडलेल्यांनी केलेला कायदा न निवडलेले न्यायाधीश रद्द करतात. हे योग्य आहे का?

मुंबईच्या चाकरमानी भावाने गावच्या भावाला मुखत्यारपत्र दिलं: कलमांची बाग विकायची, घर विकायचं नाही. उद्या गावच्या भावाने घराचंही खरेदीखत करून दिलं, तर ते टिकेल का? त्याची सही खरी आहे, तो मुखत्यारही खरा आहे, पण अधिकार बागेपुरताच होता. मी हेच उदाहरण नेहमी देते, कारण ते इथे सगळ्यांना चटकन पटतं.

विधिमंडळाचं तसंच आहे. त्याला कायदा करायचा अधिकार घटनेच्या कलम २४५ ने दिला, आणि देतानाच तो घटनेच्या तरतुदींना अधीन ठेवला. कलम १३ आणखी स्पष्ट सांगतं: मूलभूत हक्क काढून घेणारा किंवा आखडणारा कायदा राज्यसंस्थेने करायचा नाही, आणि केला तर तो तेवढ्यापुरता शून्य. ब्रिटनमध्ये पार्लमेंट सर्वोच्च मानतात. आपल्याकडे संसद आणि विधिमंडळ दोन्ही घटनेच्या पोटातून आली, तेव्हा घटना त्यांच्या वर.

मुखत्याराने मर्यादा ओलांडली की नाही हे कोणीतरी कागद वाचून ठरवायला लागतं. ते काम उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं. आमच्या तालुका कोर्टाला ते करता येत नाही. कायद्याच्या वैधतेचा प्रश्न आलाच, तर ते तो उच्च न्यायालयाकडे पाठवतं.

राज्याचा मासेमारीचा कायदा समुद्रात कुठवर चालतो?

बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. घटनेच्या सातव्या परिशिष्टात विषयांची वाटणी आहे. राज्यसूचीतल्या २१ व्या नोंदीत एकच शब्द आहे: मत्स्यव्यवसाय. केंद्रसूचीच्या ५७ व्या नोंदीत आहे प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडची मासेमारी. म्हणून महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा बारा मैलांच्या आतला, आणि त्यापुढे २०० मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात केंद्राचा शब्द.

हे कागदावर स्वच्छ दिसतं, पण पाण्यावर रेघ नसते. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मालवणच्या रापणकराला किंवा हर्णैच्या होडीवाल्याला दिसतं ते एवढंच, की रात्री दिव्यांचा लखलखाट करून कोणीतरी मासळी ओढून नेतंय. ती नौका अकराव्या मैलावर असेल तर राज्याचा कायदा, तेराव्यावर असेल तर केंद्राचा. एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या क्षेत्रात बंदी घातली. आपल्या राज्याने पर्ससीनवर, म्हणजे थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, २०१६ मध्ये निर्बंध आणले आणि २०२१ मध्ये १९८१ चा कायदा दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेला. तरी ‘नौका नेमकी कुठे होती’ हा वाद उरतोच.

तमिळनाडूने आपल्या हद्दीत पर्ससीन बंद केली, तेव्हा बोटवाल्यांनी नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने बारा मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, अटींसह परवानगी दिली. तक्रार करताना वेळ, नौकेचा क्रमांक आणि जमल्यास जीपीएसवरचं ठिकाण लिहून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते. कोणाचा कायदा लागू आहे हे त्या आकड्यांवर ठरतं.

बंदर कोणाचं?

केंद्राने ‘महाबंदर’ जाहीर केलं असेल तर ते केंद्रसूचीत. म्हणून जेएनपीए, म्हणजे न्हावा-शेव्याचं बंदर, केंद्राकडे. बाकीची बंदरं समवर्ती सूचीत आहेत. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं.

जीआर म्हणजे कायदा का?

नाही. आमच्याकडे लोक जीआर छातीशी धरून येतात, त्यांना हे सांगताना वाईट वाटतं. उतरंड अशी: सगळ्यांत वर घटना, मग विधिमंडळाचा अधिनियम, त्याखाली त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केलेले नियम आणि अधिसूचना, आणि त्याखाली शासन निर्णय, म्हणजेच जीआर, आणि परिपत्रकं. अधिनियम जिथे गप्प आहे तिथली जागा जीआर भरू शकतो, पण अधिनियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही.

मग सीआरझेड कोणी केला? संसदेत त्यावर मतदान झालं होतं का?

झालं नव्हतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं. संसदेने १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा केला. त्यात केंद्र सरकारला पर्यावरणासाठी उपाय योजण्याचे व्यापक अधिकार दिले. त्या अधिकारात सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना काढली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. म्हणजे तुमच्या माडाच्या वाडीत चौथरा बांधता येईल की नाही, हे ठरवणारा मजकूर दिल्लीच्या मंत्रालयात लिहिला गेला, सभागृहात नाही. याला प्रत्यायुक्त विधिविधान म्हणतात. विधिमंडळ धोरण ठरवून देतं आणि तपशील भरण्याचं काम सरकारवर सोपवतं.

असं सोपवण्यालाही हद्द आहे. धोरण ठरवायचं मूळ काम विधिमंडळाला दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. आणि सरकारला मिळालेला अधिकार ज्या हेतूने दिला त्याच हेतूने वापरावा लागतो.

याचं उदाहरण आपल्या दारातलं आहे. १९९४ मध्ये केंद्राने १९९१ ची अधिसूचना बदलली. खाड्या आणि भरतीच्या नद्यांच्या काठी बांधकामाला मनाई असलेला पट्टा १०० मीटरवरून ५० वर आणला, आणि समुद्राकडच्या २०० मीटरच्या पट्ट्यात स्वतःच्या मर्जीने सूट द्यायचा अधिकार स्वतःकडे घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल १९९६ मध्ये न्यायालयाने हे दोन्ही बदल रद्द केले. सूट कोणत्या कसोटीवर द्यायची याचा काहीच निकष नव्हता, आणि पट्टा निम्मा करण्याला पटेल असं कारण सरकारला देता आलं नाही.

गेल्या वर्षी एक गृहस्थ गावनकाशा घेऊन आले होते. चारदा घडी घातलेला, घड्यांवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेला. खाडीकाठच्या घराच्या मागच्या पायरीवर त्यांनी पेन्सिलीने फुली केली होती: इथवर उधाणाचं पाणी येतं. ‘वकीलबाई, मीटर कुठून मोजायचे? पायरीपासून की धक्क्यापासून?’ मीटर मोजायचे ते मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यातल्या भरतीरेषेपासून. त्यांच्या पायरीला कायद्यात जागा नव्हती. २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचा पट्टा पुन्हा ५० मीटरवर आणला आहे. जे १९९४ च्या दुरुस्तीत टिकलं नाही, ते वेगळ्या रीतीने, नव्या अधिसूचनेतून आलं. घर बांधणाऱ्याला त्याचा दिलासा आहे. खाडीला काय मिळालं, याची काळजी मला वाटते.

कायदाच मोघम असेल तर?

तर तो त्या कारणानेही पडू शकतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर एक मत लिहिलं म्हणून आणि ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लावलं होतं. त्यात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ असे शब्द होते, आणि कोणाला कशाचा त्रास होईल हे पोलीसच ठरवणार. त्या अटकेनंतर दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेचं ते कलम संपूर्ण रद्द केलं.

पुढचा भाग जास्त लक्षात ठेवण्यासारखा आहे. रद्द झालेल्या कलमाखाली देशभर गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. जुलै २०२१ मध्ये, निकालाला सहा वर्षं झाल्यावर, हे समोर आलं तेव्हा खुद्द सर्वोच्च न्यायालयाला धक्का बसला. निकाल दिल्लीत लागतो, ठाण्यातल्या हवालदाराच्या छापील फॉर्मपर्यंत तो आपोआप पोचत नाही. एफआयआर हातात पडला की त्यातलं प्रत्येक कलम आज जिवंत आहे का, हे आधी तपासा.

‘नवव्या परिशिष्टात टाकलेल्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही’ हे खरं का?

एके काळी जवळजवळ खरं होतं, आणि त्या गोष्टीत कोकण पहिल्या दिवसापासून आहे.

खोतांची पद्धत आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती: गावचा सारा गोळा करणारा खोत कुळांकडून मक्ता, म्हणजे पिकाचा वाटा, घ्यायचा. अलिबाग तालुक्यात चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप केला. जमीन कसायचीच नाही, असा तो संप सहा वर्षं चालला. मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने खोती रद्द करण्याचा कायदा केला.

तोवर घटना आली होती आणि तिच्यात मालमत्तेचा मूलभूत हक्क होता. त्याचा आणि समतेच्या हक्काचा आधार घेऊन जमीनदार ठिकठिकाणी कोर्टात गेले. पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा रद्दच केला. संसदेने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून नववं परिशिष्ट जोडलं: यात नाव असलेला कायदा मूलभूत हक्कांच्या कारणावरून रद्द होणार नाही. पहिल्या यादीत १३ कायदे होते. सहाव्या क्रमांकावर मुंबईचा खोती रद्द करणारा कायदा आहे. मी घटनेची प्रत उघडून ती ओळ लोकांना दाखवते. ज्यांच्या आज्याने मक्ता भरला, त्यांचं बोट त्या ओळीवर जरा वेळ थांबतं.

पण कपाटाला कुलूप नसलं की घरातले सगळे त्यात सामान कोंबतात. यादी पुढे २८० च्या वर गेली आणि शेतजमिनीशी संबंध नसलेले कायदेही आत गेले. जानेवारी २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं: २४ एप्रिल १९७३ नंतर आत टाकलेला कायदा घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावत असेल, तर त्याची तपासणी होणार. खोतीच्या कायद्याला त्याने काही झालं नाही. तो कितीतरी आधीचा. परिशिष्टाने कुळांचं भलं केलं असं मी मानते, आणि त्याचा दरवाजा कायम सताड उघडा ठेवणं चूक होतं असंही मानते.

२४ एप्रिल १९७३ ला काय झालं?

केशवानंद भारती खटल्याचा निकाल. कोकण रेल्वेने केरळात जाताना मंगळुरूनंतर कासरगोड लागतं, तिथल्या एडनीर मठाचे ते स्वामी. तेरा न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, सात विरुद्ध सहा असा निकाल: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. ती चौकट म्हणजे नेमकं काय, याची पक्की यादी न्यायालयाने दिली नाही. निकालागणिक ती भरत गेली. सत्ताविभाजन, न्यायालयीन पुनर्विलोकन, संघराज्य, धर्मनिरपेक्षता, मोकळ्या निवडणुका. आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने ‘आमच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही’ असं घटनेतच लिहून टाकलं होतं. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते वाक्यही गेलं.

कोर्टाने रद्द केलेला कायदा सरकार पुन्हा करू शकतं का?

करू शकतं, पण आधीचा दोष काढून. कोर्टाने ‘कर बसवायचा अधिकार या कायद्यात नीट दिलेला नाही’ म्हटलं, तर विधिमंडळ तो नीट देऊ शकतं, मागील तारखेपासूनही. ‘कोर्टाचा निकाल आम्ही मानत नाही’ एवढाच कायदा मात्र करता येत नाही, कारण तो कायदा न राहता अपील होतो, आणि अपील ऐकणं विधिमंडळाचं काम नाही. डान्सबारबंदीचा प्रवास बघा. २००५ चा कायदा, २००६ मध्ये उच्च न्यायालयात रद्द, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच. २०१४ मध्ये दुरुस्ती, तिला स्थगिती. २०१६ मध्ये वेगळा कायदा, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्याही कित्येक अटी गेल्या. चौदा वर्षं चेंडू इकडून तिकडे.

अध्यादेश म्हणजे विधिमंडळाला बगल देणंच ना?

तातडीसाठी दिलेली ती सोय आहे. अधिवेशन चालू नसेल तर कलम २१३ खाली राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढतात. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. मासेमारी कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती आधी अध्यादेशानेच आली, मग विधिमंडळाने तिचा कायदा केला. रीत पाळली गेली.

न पाळण्याचं उदाहरण बिहारचं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी राजपत्रं चाळून दाखवलं, की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं. एका प्राध्यापकाने ग्रंथालयात बसून केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

विधान परिषद कशासाठी?

घाईला लगाम म्हणून. कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक मतदारसंघाचे आमदार तिथेच बसतात. पण लगाम सैल आहे: साधं विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना रोखू शकते, धन विधेयक फक्त १४ दिवस. शेवटी विधानसभेचं चालतं.

राज्यपालांनी सहीच केली नाही तर?

कलम २०० प्रमाणे ते संमती देतात, परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत पाठवलेलं विधेयक सभागृहाने पुन्हा मंजूर केलं, तर संमती रोखायची नाही. किती दिवसांत, हे कलम सांगत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनापीठाने मत दिलं, की न्यायालय दिवस ठरवून देणार नाही. पण कारण न देता वर्षानुवर्षं बसून राहिलं, तर मर्यादित दखल घेईल. मला ते अपुरं वाटतं.

वादळानंतर सरकार मदत जाहीर करतं. पैसा मंत्र्यांच्या हातात असतो का?

नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यावर पाच-सात वर्षांनी धरते, म्हणून मदतीच्या आकड्याकडे सगळ्यांचे डोळे होते. घोषणा मंत्रिमंडळ करू शकतं, पण राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही. अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर पुरवणी मागण्या मांडाव्या लागतात, आणि तोवरच्या गरजेला आकस्मिकता निधी असतो. नंतर महालेखापरीक्षक हिशेब तपासतात, आणि त्यांचा अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे जातो. तो अहवाल सगळ्यांना वाचायला खुला असतो. आपल्या तालुक्याचं नाव त्यात शोधा.

ग्रामसभेने ‘प्रकल्प नको’ असा ठराव केला. तो बंधनकारक आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे उत्तर देणं मला जड जातं. माडबनच्या सड्यावरच्या जैतापूर प्रकल्पाला गावांचा विरोध होता, पण अणुऊर्जा केंद्रसूचीत आहे. ग्रामपंचायतीला राज्याच्या कायद्याने अधिकार मिळतात. त्या कायद्यापलीकडचा ठराव सरकारला बांधत नाही. पालघर-ठाण्याच्या अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा आहे, तिथे ग्रामसभेचं वजन खूप जास्त.

तरी ठराव कराच. गावाशी सल्लामसलत केली, असं पुढे कोर्टात सांगितलं जातं तेव्हा तारखेचा, सह्यांचा तो कागद गावाच्या बाजूने बोलतो.

कोर्टाला कोण अडवतं?

खरी अडचण इथेच आहे. न्यायालय विधिमंडळाला ‘असा कायदा करा’ असा हुकूम देऊ शकत नाही. कलम २१२ प्रमाणे सभागृहातल्या कामकाजाच्या रीतीवरून कामकाजाची वैधता कोर्टात तपासता येत नाही, तसंच कलम २११ प्रमाणे न्यायाधीशांच्या कामावर सभागृहात चर्चा होत नाही. गैरवर्तन सिद्ध झालं तर संसद विशेष बहुमताने न्यायाधीशाला काढू शकते. नेमणुकांबाबत मात्र २०१५ मध्ये न्यायालयाने संसदेची नेमणूक आयोगाची दुरुस्ती रद्द केली आणि न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात ती पद्धत ठेवली. न्यायव्यवस्था सरकारपासून मोकळी हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण निवडीची कारणं जनतेला कळायला हवीत.

दाद मागायला मुंबईलाच जावं लागतं का?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे, आणि हे दोन जिल्हे त्याकडे आहेत. रायगड, ठाणे, पालघर मुंबईकडेच. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून सकाळी निघालेला पक्षकार संध्याकाळी घरी परततो. पूर्वी एका तारखेला दोन रात्री रेल्वेत जायच्या.

ठराव झाला, कायदाही झाला, पण अंमलच नाही. मग?

महाडचा हिशेब मांडते. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावावर मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. विधिमंडळ झालं, स्थानिक संस्था झाली, आणि तीन वर्षं पाण्याला कोणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये कोर्टाने तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली, आणि बाबासाहेबांनी ती पाळली. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची सवर्णांची वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही, असा उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला.

तेव्हा तुमचा ठराव अडला असेल, तर आजच माहिती अधिकारात अर्ज टाका. तीन गोष्टी विचारा: ठराव कोणत्या जावक क्रमांकाने कोणाकडे गेला, तिथे तो कोणत्या तारखेला मिळाला, आणि त्यावर कोणी काय शेरा मारला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील करा, आणि पोच जपून ठेवा.